घाटातला ट्रक आणि त्याचा क्लच

या व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, अध्यात्म, राजकारण असे विषय दरवर्षी होतात. त्या पंक्तीत 'ट्रकचा क्लच कसा निवडावा' हा विषय पाहून पुष्कळांच्या भुवया उंचावल्या असतील. व्यासपीठावर एरवी विद्वान मंडळी बसतात, आणि आम्ही तर शाळा अर्धवट सोडलेला, कामगारांच्या सभांतून बोलायला शिकलेला माणूस. तेव्हा आमची बाजू आधी मांडतो आणि मग विषयाकडे वळतो.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे. येथे रेल्वे नाही, बंदर नाही. वाईकडून पसरणीचा घाट चढा, मेढ्याकडून केळघरचा चढा, नाहीतर कोकणातून पोलादपूरहून आंबेनळीचा चढा. चौथी सोपी वाट नाही. प्रतापगडाकडच्या जुन्या वाटेला आपल्या पूर्वजांनी 'रडतोंडीचा घाट' असे नाव ठेवले, त्यातच सर्व आले. या गावात जे घर उभे राहते त्याचे सिमेंट, सळई आणि वाळू, हॉटेलातले धान्य, गॅसच्या टाक्या, हे सर्व कोणीतरी घाटाने वर ओढून आणलेले असते. येथली स्ट्रॉबेरी, बटाटा आणि गाजर कोणीतरी त्याच घाटाने खाली उतरवतो. ओढणारा तो ट्रक, आणि ट्रकला ओढायला लावणारा तो ड्रायव्हर. या दोघांच्या मधे तळहाताएवढ्या जाडीचे एक यंत्र असते, त्याचे नाव क्लच. ते दगा देते तेव्हा घाटात रांग लागते आणि आपण गाडीच्या काचेतून डोके बाहेर काढून ड्रायव्हरच्या नावाने बोटे मोडतो. ती बोटे योग्य माणसावर मोडली जावीत, एवढाच आमचा हेतू.

एक तक्रार

काही वर्षांपूर्वी एक ड्रायव्हर आमच्याकडे आला. दोन आसांचा ट्रक, घाटाची कायमची फेरी. एका हंगामात त्याच्या गाडीचा क्लच तीनदा जळाला होता. पहिल्या दोन वेळी मालकाने प्लेटची किंमत आणि मजुरी त्याच्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापली. तिसऱ्या वेळी मालक म्हणाला, "तुला हाफ क्लचवर गाडी चालवायची खोड आहे. आता तू राहा घरी." ड्रायव्हरचे म्हणणे एकच होते, "साहेब, वीस वर्षे हाच घाट चढतोय. माझा पाय एकाएकी बिघडला का?"

आम्ही युनियनचे माणूस. पहिला आवेग असा, की चार माणसे घेऊन मालकाच्या दारात बसावे. पण मनात विचार आला, ड्रायव्हरची चूक असेलच तर? चूक नसेल तर ती नाही हे सिद्ध कशाने करणार? घोषणा देऊन क्लच जळायचा थांबत नाही. म्हणून आम्ही आधी क्लच शिकावयाचे ठरवले. वाई हे मराठी विश्वकोशाचे गाव. त्याचे खंड वाचनालयात असतात आणि ते चाळायला पदवी लागत नाही. त्यांतील यंत्रविषयक नोंदी वाचल्या, एका जाणत्या मेस्त्रीच्या गॅरेजात अनेक संध्याकाळी बसलो, हाताला ग्रीस लावून घेतले. पुढे जे सांगत आहोत ती त्या शिक्षणाची शिदोरी आहे.

क्लच म्हणजे काय

डिझेल इंजिनाची एक अडचण आहे. बैलाला थांबलेल्या जागेवरून जोर लावता येतो, इंजिनाला येत नाही. ते आधी फिरत असले पाहिजे, मगच जोर देते. मिनिटाला काही शे फेऱ्यांच्या खाली ते बंदच पडते. उलटपक्षी, ट्रकची चाके उभी असतात. फिरणारे इंजिन आणि उभी चाके यांची गाठ एकदम बांधली तर एकतर इंजिन बंद पडेल, नाहीतर काहीतरी तुटेल. ही गाठ हळूहळू बांधणारा आणि हवी तेव्हा सोडणारा जो मध्यस्थ, तो क्लच.

त्याची रचना सोपी आहे. इंजिनाच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील हे जड लोखंडी चाक असते. त्याला बोल्टांनी जखडलेल्या झाकणात दुसरी जड तबकडी असते, ती प्रेशर प्लेट. या दोहोंच्या मधे क्लच प्लेट बसते. तिच्या दोन्ही अंगांना घर्षणाचे लायनिंग असते, आणि तिचा मधला दातेरी भाग गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसलेला असतो. प्रेशर प्लेटमागच्या स्प्रिंगा क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरतात. दोन थाळ्यांत दाबलेली भाकरी जशी थाळ्यांबरोबर फिरेल, तशी प्लेट इंजिनाबरोबर फिरते. पॅडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकते, स्प्रिंगांचा दाब सुटतो आणि प्लेट मोकळी होते. ड्रायव्हरचा पाय दाब देत नाही, तो दाब काढतो, हे पुष्कळ शिकलेल्या माणसांनाही ठाऊक नसते.

घाटाचे गणित

आता घाट क्लचकडून काय मागतो ते पाहू. वाई सुमारे ७०० मीटर उंचीवर आणि पाचगणी सुमारे १,३०० मीटर उंचीवर. मधला रस्ता साधारण बारा किलोमीटर. म्हणजे बारा हजार मीटरांत सहाशे मीटर चढ, सरासरी विसास एक. वळणांवर चढ याहून तीव्र असतो.

सोळा टन भरलेला ट्रक विसास एक चढावर उभा आहे असे धरा. उतार त्याला मागे ओढतो तो वजनाच्या विसाव्या हिश्शाने, म्हणजे ८०० किलोच्या ओढीने. टायरांचा रस्त्याशी होणारा विरोध शेकडा एक धरला तर आणखी १६० किलो. ढोबळ मानाने हजार किलोची ओढ झाली. चाकाची त्रिज्या अर्धा मीटर धरली तर आसावर ५,००० न्यूटन-मीटर पीळ लागतो. (एक मीटर लांब पान्याच्या टोकाला एक किलो टांगले की जो पीळ पडतो तो सुमारे दहा न्यूटन-मीटर, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.) पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्स आणि मागचा आस मिळून इंजिनाचा पीळ सुमारे चाळीस पट करतात असे धरा, दुसऱ्यात चोवीस पट. तेव्हा हा ट्रक पहिल्या गिअरमध्ये उचलायला क्लचमधून १२५ न्यूटन-मीटर जावे लागतात आणि दुसऱ्यात २०८. नुसत्या गिअरच्या फरकाने क्लचवरचा भार पावणेदोन पटीच्या आसपास जातो.

आता त्याच ट्रकमध्ये चोवीस टन भरा आणि त्याला दहास एक चढाच्या वळणावर थांबवा. वरील हिशोबानेच पाहिले तर पहिल्या गिअरमध्ये ३३० न्यूटन-मीटर आणि दुसऱ्यात ५५० लागतात. इंजिन ५०० न्यूटन-मीटरचे असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलणे त्याच्या शक्तीबाहेरचे आहे. तरी ड्रायव्हर ती उचलू पाहतो. कशी? इंजिन रेस करून, फ्लायव्हीलच्या वेगात साठलेल्या जोरावर, क्लच घसरवत. बोलणारे म्हणतात, ड्रायव्हरने क्लच जाळला. आम्ही म्हणतो, भरताना वजनकाट्याकडे ज्याने पाहिले नाही त्याने जाळला.

२०१८ साली केंद्र सरकारने आसांवरच्या भाराच्या मर्यादा वाढवल्या. दोन आसांच्या ट्रकचे भारासह एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टन झाले. नव्या गाड्या त्या हिशोबाने बांधल्या जातात. परंतु राजपत्रातला आकडा बदलल्याने जुन्या गाडीतली क्लच प्लेट एका रात्रीत रुंद होत नाही, ही साधी गोष्ट विसरली जाते.

क्लचचे गणित

क्लच किती पीळ पेलेल हे चार गोष्टींवर ठरते: घर्षणाचे पृष्ठ किती, लायनिंगचा घर्षणांक किती, स्प्रिंगांचा दाब किती, आणि प्लेटची सरासरी त्रिज्या किती. चारही एकमेकांनी गुणायचे. एका प्लेटला दोन पृष्ठे. घर्षणांक ०.३, दाब १०,००० न्यूटन, त्रिज्या ०.१४ मीटर धरा. गुणाकार ८४० न्यूटन-मीटर येतो. इंजिन ५०० चे असेल तर क्लचजवळ दोन तृतीयांशाहून थोडी अधिक शिल्लक आहे. नवी गाडी सुखाने चढते याचे कारण ही शिल्लक.

पण ही शिल्लक बँकेत ठेवल्यासारखी सुरक्षित नसते. प्लेट तापली किंवा तिच्यावर थोडे तेल आले की घर्षणांक ०.३ चा ०.२ होतो. ८४० चे ५६० झाले. तापून तापून स्प्रिंगा शेकडा पंधरा ढिल्या पडल्या की ५६० चे ४७६ होतात. आता इंजिनाचा पूर्ण जोर क्लच पेलू शकत नाही, तो घसरतो. घसरला की तापतो, तापला की अधिक घसरतो. कर्जावरच्या व्याजासारखे हे चक्र आहे. एकदा सुरू झाले की मुद्दल खाऊनच थांबते.

तापणे किती असते याचीही कल्पना यावी. सोळा टनांचा ट्रक दहास एक चढावर, ब्रेक न लावता, पहिल्या गिअरमध्ये हाफ क्लचवर नुसता तोलून धरला तर क्लचमध्ये २०० न्यूटन-मीटर पीळ आणि इंजिनाच्या हजार फेऱ्यांची घसरण असते. त्यातून निघणारी उष्णता सुमारे एकवीस किलोवॅट, म्हणजे दोन-दोन किलोवॅटचे दहा गिझर एकाच वेळी लावल्यासारखे. पंधरा सेकंदांत एक लिटर पाणी चहासाठी उकळावे एवढी ती उष्णता होते, आणि ती जाते कोठे? बंद पेटीतल्या दोन तबकड्यांत. पर्यटनाच्या हंगामात रांग अडते, ट्रक दर दहा पावलांवर थांबतो आणि उचलतो. आपली मोटारगाडी मधे घुसवून आपण त्या ट्रकला वळणात थांबायला लावतो, तेव्हा त्याच्या पोटात असा एक-एक चहा उकळत असतो.

निवड कशी करावी

आता मुख्य प्रश्न. 'हेवी ड्यूटी' असा शिक्का असलेले खोके दुकानात भरपूर मिळतात. शिक्क्याने ओझे उचलत नाही. घेणाऱ्याने पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

पहिली गोष्ट, जुना क्लच का गेला. हे न पाहता नवा घेणे म्हणजे पी हळद आणि हो गोरी. प्लेट उतरवली की ती बोलते. लायनिंग सारखे झिजून रिव्हेटांपर्यंत आले असेल तर प्लेटने आपले आयुष्य पुरे केले. तक्रारीला जागा नाही. लायनिंग काळे, चकचकीत, जळक्या वासाचे असेल तर घसरण झाली. भार, सवय किंवा दाब यांपैकी काहीतरी चुकले. लायनिंग तेलकट असेल तर इंजिनाचे मागचे किंवा गिअरबॉक्सचे पुढचे ऑईल सील गळते आहे. ते न बदलता जगातली सर्वांत महाग प्लेट घातली तरी तीही तेलातच पडणार. फ्लायव्हीलवर निळे डाग आणि केसासारख्या चिरा असतील तर ते लेथवर घासून सपाट केले पाहिजे किंवा बदलले पाहिजे. वाकड्या थाळीवर नवी भाकरी सपाट बसत नाही.

दुसरी गोष्ट, आकार. दाब वाढवण्यापेक्षा व्यास वाढवणे चांगले, कारण मोठी प्लेट पीळही अधिक पेलते आणि उष्णताही अधिक जागेत पसरवते. म्हणूनच ट्रक जसा मोठा तसा प्लेटचा व्यास ३१० पासून ४३० मिलिमीटरपर्यंत वाढत जातो. परंतु फ्लायव्हील आणि त्याभोवतीचे घर जेवढे, त्याहून मोठी प्लेट बसत नाही. तेव्हा त्याच गाडीच्या अधिक ताकदीच्या नमुन्यासाठी कारखान्याने मोठा क्लच दिला आहे काय, ते आधी विचारावे. असल्यास फ्लायव्हीलसह तोच घ्यावा.

तिसरी गोष्ट, पृष्ठे. व्यास वाढवता येत नसेल तर दोन प्लेटांचा क्लच हा उपाय आहे. दोहोंच्या मधे एक लोखंडी तबकडी असते, त्यामुळे दोनाची चार पृष्ठे होतात आणि त्याच दाबात दुप्पट पीळ पेलला जातो. पॅडल जड होत नाही. जड ओझी ओढणाऱ्या गाड्यांत म्हणूनच तो दिसतो. पण तो महाग, वजनदार, आणि चार पृष्ठे मोकळी करायची असल्याने त्याची जुळणी नाजूक असते. जुळणी चुकली तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर कुरकुरत पडतो. तो बसवणारा हात जवळ असेल तरच घ्यावा.

चौथी गोष्ट, लायनिंग. नेहमीचे लायनिंग तंतू आणि राळ यांचे असते. ते मऊ धरते, गाडी अलगद उचलते, पण अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे तापले की त्याची पकड सुटते आणि ते जळते. दुसरा प्रकार सिरॅमिक आणि धातू एकत्र भाजलेल्या गोट्यांचा. गॅरेजात त्याला 'बटन प्लेट' म्हणतात. त्याची पकड अधिक, उष्णता सोसण्याची ताकदही पुष्कळ अधिक. ऊसाच्या दोन-दोन ट्रॉल्या शेतातून ओढणाऱ्या मोठ्या ट्रॅक्टरांना ते मानवते. पण ते 'धरीन तर एकदम धरीन' अशा स्वभावाचे आहे. गाडी धक्क्याने उचलते, फ्लायव्हील लवकर खाते. दिवसातून दोनदा घाट चढणाऱ्या आणि बाजारपेठेत शंभरदा थांबणाऱ्या ट्रकला चांगल्या कंपनीचे नेहमीचे लायनिंग, मोठ्या व्यासाचे, हेच आमच्या मते बरे.

पाचवी गोष्ट, स्प्रिंगा. जुन्या पद्धतीच्या क्लचमध्ये गोल गुंडाळीच्या अनेक स्प्रिंगा असतात. लायनिंग झिजते तशा त्या सैल होतात आणि दाब उतरतो. नव्या पद्धतीत पाकळ्या असलेली एकच ताटलीसारखी स्प्रिंग असते, तिला डायफ्रॅम म्हणतात. लायनिंग झिजले तरी तिचा दाब बराच काळ टिकतो, आणि पॅडल हलके राहते. निवड असेल तेथे ही घ्यावी.

सहावी गोष्ट, प्लेटच्या मध्यभागी असलेल्या छोट्या स्प्रिंगा. पुष्कळ जण त्यांना शोभेच्या समजतात. डिझेल इंजिनाचा पीळ सलग नसतो, तो ठोक्याठोक्याने येतो. ते ठोके या स्प्रिंगा गिळतात. मजबुतीच्या नावाखाली स्प्रिंगा नसलेली प्लेट घातली तर ते ठोके गिअरबॉक्सचे दात सोसतात.

सातवी आणि आमच्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट, ड्रायव्हरचा पाय. दाब दीडपट करणारी प्रेशर प्लेट बाजारात मिळते. मालकाला वाटते, स्वस्तात काम झाले. पण तो दाब दरवेळी कोण काढतो? घाटाच्या एका फेरीत शेकडो वेळा पॅडल दाबावे लागते. वाढलेला दाब गुडघ्यात आणि कमरेत जातो. पाय दमला की तो पॅडलवरच विसावतो, बेअरिंग सतत घासते, क्लच अर्धवट सुटलेला राहतो आणि पुन्हा जळतो. हवेच्या जोरावर मदत करणारा बूस्टर ठीक चालू नसेल तर जास्त दाबाचा क्लच घालूच नये. यंत्राची ताकद माणसाच्या सांध्यांतून काढून घेणे याला आम्ही निवड म्हणत नाही.

शेवटी एक धोरण. ट्रकमध्ये इंजिनापासून चाकापर्यंत एक साखळी असते. क्लच हा तिच्यातला मुद्दाम ठेवलेला नरम दुवा आहे. भलत्याच धक्क्यात तो घसरतो आणि पुढचे वाचवतो. त्याला अवाजवी बळकट केले तर तुटण्याची पाळी प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटवर, नाहीतर मागच्या आसावर येते. क्लच जळाला तर गाडी उभी राहते. चढावर आस तुटला तर गाडी मागे येते. अति तेथे माती, ती अशी. इंजिनाच्या पिळाच्या दीडपट ते दुप्पट पेलणारा क्लच पुरे.

बसवल्यावर

नवा क्लच बसवताना रिलीज बेअरिंगही बदलावे. चार पैसे वाचवण्यासाठी जुने ठेवले तर काही महिन्यांत सर्व पुन्हा उतरवावे लागते. पॅडलला असावी तेवढी ढील ठेवावी. पहिले काही शे किलोमीटर पूर्ण भाराने घाट चढू नये, लायनिंगला फ्लायव्हीलवर बसू द्यावे.

गॅरेजातल्या मुलांसाठी एक गोष्ट कळवळून सांगतो. जुन्या लायनिंगांत ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुफ्फुसात गेली तर अनेक वर्षांनी असाध्य रोग होतो. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या दाव्यात कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तेव्हा क्लचचे घर हवेच्या नळीने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि 'ॲस्बेस्टॉसविरहित' असे लिहिलेलेच लायनिंग मागा.

ड्रायव्हर बंधूंना सांगणे थोडे आहे, कारण त्यांना ते ठाऊकच असते. चढावर पहिल्या गिअरमध्येच उचला. थांबलात तर हँडब्रेक लावा, हाफ क्लचवर तोलू नका. उतरताना पॅडल दाबून किंवा न्यूट्रल करून गाडी सोडू नका. क्लच सुटला की इंजिनाची अडवणूकही सुटते आणि सारा भार ब्रेकवर येतो. ज्या गिअरमध्ये चढाल त्यातच उतरा, हा जुन्या उस्तादांचा नियम आजही खरा आहे.

त्या तक्रारीचे काय झाले

आम्ही मालकाला एकच विनंती केली: क्लच आमच्यासमोर उतरवा. त्याने नाखुशीने का होईना, मान्य केले. पेटी उघडली तेव्हा लायनिंग तेलाने चिंब होते. इंजिनाचे मागचे सील गळत होते, आणि तीनही वेळा ते तसेच ठेवून वर नवी प्लेट चढवली होती. फ्लायव्हील कधीच घासले नव्हते, त्यावर निळे डाग होते. वजनकाट्याच्या पावत्या मागवल्या, तर बहुतेक फेऱ्या मर्यादेच्या बाहेर. मधल्या काळात मालकाने कोणाच्या तरी सांगण्यावरून एकदा बटन प्लेट घातली होती, तेव्हा प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट तुटला. त्याचाही खर्च ड्रायव्हरच्याच नावावर मांडला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, असे आमच्या तोंडून निघून गेले.

१९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातील तत्त्व असे, की नुकसानीपोटी पगार कापायचा तर ते नुकसान कामगाराच्या हयगयीमुळेच झालेले असले पाहिजे, आणि कापण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. हेच तत्त्व २०१९ च्या वेतन संहितेतही राखले आहे. मालकाने ना कारण शोधले होते, ना म्हणणे ऐकले होते. कोर्टात जावे लागले नाही. तेलकट प्लेट टेबलावर ठेवून आम्ही वरचे गणित कागदावर मांडले. मालक वाईट माणूस नव्हता, हिशोबी होता. आणि हिशोब त्याला कळला. कापलेले पैसे परत आले. ड्रायव्हर कामावर गेला. सील बदलले, फ्लायव्हील घासले, नेहमीच्याच लायनिंगचा चांगला क्लच घातला, आणि भरण्यावर वजनकाट्याची अट घातली. तो क्लच पुढे तीन हंगाम चालला.

खरे सांगायचे तर एक चूक ड्रायव्हरचीही निघाली. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलायची सवय त्याला होती. रिकाम्या गाडीला ती खपते, भरलेल्या गाडीला खपत नाही. ते आम्ही त्याला मालकासमोरच सांगितले, कारण एका पारड्यात वजन टाकून तराजू खरा होत नाही. तो हसून म्हणाला, "पटलं. पण हे मला वीस वर्षांत कोणी गणित घालून सांगितलंच नाही."

त्याचे ते वाक्य आमच्या मनात राहिले, म्हणून हा विषय या व्यासपीठावर आणला. आमच्या चळवळीत आम्ही पगार मागितला, रजा मागितली, कामाचे तास मागितले. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास हे मान मान्य केले, आणि तो कायदा पुढे २०२० च्या संहितेत सामावला गेला. हे सर्व हवेच. पण ज्या यंत्रावर माणूस आयुष्य काढतो त्याचे ज्ञान मागणे, हेही हक्काचेच मागणे आहे. ज्याला आपल्या गाडीचा हिशोब मांडता येतो त्याच्यावर खोटा हिशोब लादता येत नाही.

आता आपण सर्व घरी जाल. कोणी पसरणीने उतरेल, कोणी केळघरने. वळणावर पुढे भरलेला ट्रक दिसला तर दोन गाड्यांचे अंतर ठेवा आणि त्याला एका दमात वळण काढू द्या. त्याच्या पोटातला एक चहा वाचेल. कदाचित कोणाच्या पगारातला एक हप्ताही वाचेल.